बारक्याचा रकाना

आमच्या घरात गॅस एकच होता,
पण स्वयंपाक दोन.
मला वरणावर दोन चमचे तूप,
केतकीला "बास आता".
मला आई म्हणायची, "खा की रे, हाडं दिसायलेत."
तिला म्हणायची, "किती खायलीस गं."
एकाच दमात,
हातात तीच पळी.

ती अकराची, वजन एकसष्ट.
मी नऊचा. माझं वजन कुणी विचारलंच नव्हतं.

मग सेलूकर मॅडमनी आम्हा चौघांना समोर बसवलं.
केतकी सवयीनं एकटीच स्टुलाकडं निघाली होती,
चूक कबूल करायला निघाल्यागत.
मॅडम म्हणाल्या, "तू बस गं इथंच.
पथ्य सगळ्या घराला आहे."
बाबा मोठ्यानं हसले,
आणि पोटाभोवती टेप आली तसे
हळूहळू थांबले.

फरसाणाचा डबा गेला.
डेपोतून येताना बाबा आणायचे तो भज्यांचा पुडा गेला.
रविवारचे धपाटे लोण्यावाचून आले,
आणि माझे दोन चमचे
अर्ध्यावर.
मी ताट सरकवलं. "मी काय केलंय?"
आई माझ्याकडं न बघता म्हणाली,
"सगळ्यालाच तेवढं आहे."
केतकी खाली मान घालून
काकडीच्या फोडी मोजत होती.
मला ती त्या रात्री आवडली नाही.
बरेच दिवस नाही आवडली.

वहीत तीन रकाने: केतकी, आई, बाबा.
दर रविवारी काटा, दर रविवारी आकडा,
आणि आकडा उतरला की
तिघांचा मिळून एक छोटा गोंधळ.
"तुला काय करायचंय काट्यावर, तू ठीक आहेस."

संध्याकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं चालायचो.
कडेला ज्वारीचे वाफे, प्रत्येकाला पाटी,
पाटीवर वाणाचा नंबर, पेरणीची तारीख.
केतकीला दम लागायचा, बाबा थांबायचे.
पुढं पुढं तर ते तिच्याच चालीनं चालायला लागले.
मी पळत जाऊन शेवटच्या पाटीपाशी उभा राहायचो,
मागं वळून बघायचो:
तिघंजण, लांब, काहीतरी बोलत.
तिथल्या राखणदारानं एकदा सांगितलं,
"ह्या कडंच्या दोन वळी आहेत ना, ह्या मोजत नसतात.
आतल्यांना वारं लागू नये म्हणून पेरतात."
कणसं तर तशीच होती.

मग मी शाळेपुढच्या गाड्यावरून
पाच रुपयांची शेव आणायला लागलो,
कंपासपेटीत, कर्कटकाच्या खाली.
आठवडाभर जमलं.
मग एका दुपारी केतकीनं पेटी उघडली.
मी रडायच्या तयारीत.
ती म्हणाली, "कंपासात काय ठेवतोस येड्या,
आधी तेच बघतात.
माझं टाकीच्या मागं असायचं, पायपाच्या पिशवीत.
आणि हात साबणानं धू, नुसत्या पाण्यानं वास जात नाही."

मी विचारलं, किती दिवस?
"दुसरीपासून."

शेव आम्ही दोघांनी खाल्ली, गच्चीत, उन्हात,
दार उघडं ठेवून.
तिनं थोडीच खाल्ली. मला वाटलं होतं जास्त खाईल.

वर्षात तिचे चार किलो उतरले, दोन परत आले.
बाबांचे सात गेले ते गेलेच,
आणि ते अजून सांगत फिरतात
जणू पेशंट तेच होते.
तुपाची पळी आईच्या हातात
माझ्या ताटावर आली की आजही घुटमळते,
मग केतकीच्या ताटाकडं बघते,
मग दोन्हीकडं सारखीच कलते.

वही परवा सापडली.
चौथा रकाना पट्टी न लावता ओढलेला, वाकडा,
केतकीच्या अक्षरात: बारक्या.
वजन लिहिलेलंच नाही कुठं.
रविवार, शेवटच्या पाटीपर्यंत, चार मिनिटं दहा.
रविवार, चार मिनिटं दोन.
रविवार, माझ्यासाठी थांबला. वेळ घेतली नाही.